तबकडींतला विनोद आणि दक्षिणेची बोली



ठाण्याच्या खाडीच्या पूर्व किनाऱ्यावर, नेरूळच्या पश्चिमेस, सारसोळे नांवाचें एक जुनें कोळी-आगरी गांव आहे. नव्या मुंबईची आंखणी १९७० सालीं सुरू झाली, तेव्हां ज्या ९५ गांवांची शेतें, मिठागरें आणि खाजणें त्या नगरीसाठीं घेण्याचें ठरलें, त्यांच्यापैकींच हा पट्टा. आज गांवाभोंवतीं क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या वसाहती उभ्या आहेत. आणि त्या वसाहतींत सिंधुदुर्गांतून आलेलें मालवणी कुटुंब, सातारा-सांगलीकडचें घाटावरचें कुटुंब, मराठवाड्यांतलें कुटुंब आणि वऱ्हाडांतलें कुटुंब, अशीं सारीं एकाच जिन्यानें चढतात-उतरतात. प्रत्येकाचें कुलदैवत निराळें, सणाचा पदार्थ निराळा, बोलण्याचा हेल निराळा. तरी एका बाबतींत या घरांचें मोठें ऐक्य आढळतें. एका घरांतून पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’ या कथेचें ध्वनिमुद्रण ऐकूं येऊं लागलें, कीं शेजारच्या घरांतला मनुष्य पुढचें वाक्य आधींच पुटपुटतो. आणि ‘वस्त्रहरण’ नाटकांतील तात्या सरपंचाचा आवाज कानीं पडतांच, ज्याला मालवणींत धड एक वाक्य बोलतां येत नाहीं तोहि हंसूं लागतो.

आजच्या भाषणांत या हंसण्याचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

ऐकलेली कोटी शिळी होते, हा सर्वांचाच अनुभव आहे. तीच गंमतीची गोष्ट दुसऱ्यांदा सांगूं लागलेल्या गृहस्थास आपण सभ्यपणें थांबवितों. असें असतांना, चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीं मुद्रित झालेला विनोद, शब्दन्‌शब्द पाठ असूनहि, माणसें पुन्हा पुन्हा कां ऐकतात? आणि या टिकून राहिलेल्या विनोदांत मुंबईच्या दक्षिणेकडील प्रदेशाचा, म्हणजे रत्नागिरी, मालवण, बेळगांव या बाजूच्या बोलींचा वांटा एवढा मोठा कां? या दोन्ही प्रश्नांचें उत्तर एकच आहे, असें मला वाटतें. ध्वनिमुद्रिकेंत आपण विनोद सांठवितों असें समजतों. वस्तुतः तेथें सांठविला जातो तो माणसाचा बोलण्याचा ढंग. कोटी एकदां कळली कीं तिचें काम संपतें. ढंगाचें तसें नाहीं. जिव्हाळ्याच्या माणसाचा आवाज पुन्हा ऐकावासा वाटतो, तो कांहीं नवीन कळेल म्हणून नव्हे.

प्रथम यंत्राची हकीकत पाहूं. कारण विनोदाच्या या इतिहासांत यंत्रानें पुष्कळ गोष्टी ठरविल्या आहेत. एडिसनचा फोनोग्राफ १८७७ चा. आपल्या देशांत तबकड्यांचा व्यवसाय खऱ्या अर्थानें सुरू झाला तो १९०२ च्या नोव्हेंबरांत, जेव्हां ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग कलकत्त्यास आला आणि गौहरजान प्रभृति गायिकांचे आवाज त्यानें मुद्रित केले. पुढें मराठी रंगभूमीवरील नटांचीं पदें तबकड्यांवर निघालीं, आणि बालगंधर्वांचा आवाज ज्यांनीं नाटकगृह कधीं पाहिलें नव्हतें अशा घरांतहि पोंचला. गाण्याच्या मानानें बोलका विनोद मात्र मागें राहिला. याचें कारण रसिकतेंत नव्हतें, तबकडींत होतें. मिनिटास ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीची एक बाजू तीन-सवातीन मिनिटांत संपत असे. तेवढ्या वेळांत एखादें पद चांगलें रंगतें. मराठी माणसाच्या विनोदी निवेदनास मात्र तेवढा अवकाश पुरत नाहीं.

आपल्याकडे गंमतीची गोष्ट सांगण्याची जी रीत आहे, ती आठवून पाहा. आधीं गांवाची ओळख करून द्यावयाची, मग माणसाची, मग त्या माणसाच्या चुलत्याची. मध्येंच एक आडवळण घ्यावयाचें, तेथें थोडें रेंगाळावयाचें, आणि ऐकणारा मूळ गोष्ट विसरला असें वाटतांच अवचित तिच्यावर परत यावयाचें. कीर्तनकार आख्यानांत हेंच करतात. पारावर बसलेला म्हाताराहि हेंच करतो. या रीतींत घटनेपेक्षां विलंबाला महत्त्व आहे. तीन मिनिटांच्या तबकडींत विलंब बसत नाहीं.

१९४८ सालीं अमेरिकेंत लांब वाजणारी तबकडी निघाली आणि एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक मजकूर मावूं लागला. १९६३ सालीं फिलिप्स कंपनीनें कॅसेट बाजारांत आणली. साठ मिनिटांची कॅसेट घेतली तर एका बाजूस तीस मिनिटें, नव्वदची घेतली तर पंचेचाळीस. १९८० नंतरच्या दशकांत ती आपल्याकडे इतकी स्वस्त झाली, कीं किराणा मालाच्या दुकानाशेजारीं कॅसेटचें दुकान दिसूं लागलें. एक कथा निवांतपणें सांगावयास जेवढा वेळ लागतो, साधारण तेवढीच कॅसेटची एक बाजू होती. मराठी कथाकथनाला आपल्या मापाचें भांडें मिळालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

परंतु भांडें मिळण्यापूर्वीं कान तयार व्हावा लागतो. तो नभोवाणीनें केला. मुंबईचें केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. नाटकगृहांत नट हजार लोकांना उद्देशून बोलतो. नभोवाणीवर बोलणारा एका वेळीं एका घराशीं बोलतो. आवाज चढवावयाचा नाहीं, हातवाऱ्यांचा उपयोग नाहीं, चेहरा दिसत नाहीं. जें करावयाचें तें शब्दाच्या चढउतारानें आणि दोन शब्दांमधल्या थांब्यानें. पुढें आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर ‘पुन्हा प्रपंच’ ही मालिका लोकप्रिय झाली. त्यांतील टेकाडे भावजी कसे दिसतात हें ऐकणाऱ्यांपैकीं प्रत्येकानें आपापल्या मनाशीं ठरविलें होतें. न दिसणाऱ्या माणसाला हंसण्याची संवय महाराष्ट्राला या वाटेनें लागली. त्या काळीं कार्यक्रम पुष्कळदां थेट सादर होत, आणि फीत महाग असल्यानें मुद्रित केलेलें पुसून तीच फीत पुन्हा वापरली जाई. म्हणून नभोवाणीनें हंसविलें पुष्कळ, मागें ठेवलें थोडें.

पु. ल. देशपांडे यांचें महत्त्व येथें ध्यानांत येतें. ते १९५५ सालीं आकाशवाणींत आले. मायक्रोफोन हें काय प्रकरण आहे, तें त्यांना आंतून ठाऊक होतें. ‘बटाट्याची चाळ’ हें पुस्तक १९५८ चें. त्याचें एकपात्री रूप १९६० नंतरच्या वर्षांत त्यांनीं रंगभूमीवर आणलें, आणि पुढें त्यांच्या कथाकथनाचीं ध्वनिमुद्रणें घरोघर गेलीं. त्यांतील ‘म्हैस’ घ्या. कोकणांतल्या रस्त्यावर एस्टीची गाडी आणि एक म्हैस यांची गांठ पडते, उतारू खालीं उतरतात, पंचनाम्यासाठीं खोळंबा होतो; कथानक म्हणावें तर एवढेंच. पण गाडींतून जीं माणसें उतरतात, त्यांतील प्रत्येकाचें मराठी निराळें आहे. म्हशीच्या मालकाचा गळा काढण्याचा सूर निराळा, कायद्याच्या माणसाचा सूर निराळा, सुशिक्षित उतारूचा त्रासलेला सूर निराळा. डोळे मिटून ऐकलें तरी कोण बोलत आहे याविषयीं क्षणभरहि शंका येत नाहीं. ‘व्यक्ति आणि वल्ली’ या पुस्तकास १९६५ सालीं साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें. त्यांतील रत्नागिरीचा अंतू बर्वा वाचतांना उत्तम वाटतोच, परंतु ऐकतांना त्याच्या तिरकस बोलण्याखालीं दडलेलें दारिद्र्य आणि एकाकीपण अधिक जाणवतें, कारण तें शब्दांत नसून स्वरांत आहे. बेळगांवचे रावसाहेब तर कानडीच्या हेलानें मराठी बोलतात. त्यांच्या वाक्यांतलें लिंग-वचन कोठल्या कोठें जातें, पण प्रेम अचूक आपल्या ठिकाणीं पोंचतें. कागदावर ती व्याकरणाची चूक दिसते. कानाला ती त्या माणसाची सही वाटते.

याच सुमारास द. मा. मिरासदार, शंकर पाटील आणि व्यंकटेश माडगूळकर यांनीं गांवोगांव जाऊन कथाकथनाची प्रथा रुजविली. मिरासदारांची ‘भुताचा जन्म’ किंवा शंकर पाटलांची ‘धिंड’ या कथा अनेकांनीं आधीं ऐकल्या आणि मग वाचल्या. १९७९ सालीं प्रा. लक्ष्मण देशपांडे यांनीं ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ हा एकपात्री प्रयोग सुरू केला आणि मराठवाड्याच्या बोलींत एकट्यानें ५२ व्यक्ति उभ्या केल्या. ही सर्व मंडळी आज आपल्यांत नाहींत. माडगूळकर २००१ सालीं गेले, लक्ष्मण देशपांडे २००९ सालीं, मिरासदार २०२१ सालीं. पण त्यांचे आवाज घराघरांत वावरत आहेत, आणि त्या आवाजांबरोबर त्यांच्या बोलीहि.

आतां दक्षिणेकडे वळूं. मुंबईच्या गिरण्यांना मनुष्यबळ पुरविणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरीचें नांव अग्रभागीं होतें. १ मे १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हाहि रत्नागिरींतच मोडत असे. जो गिरणींत लागला नाहीं तो पुष्कळदां घरगडी झाला, आणि मुंबईंत घरगड्याचें सामान्यनामच ‘रामा’ असें पडून गेलें. पांढरपेशांच्या नाटकांत हा रामा चहाचे पेले घेऊन येई, ‘माका’ आणि ‘तुका’ असे दोन शब्द उच्चारी, प्रेक्षक हंसत, आणि तो आंत निघून जाई. म्हणजे मालवणी बोली रंगभूमीवर होती. पण ती हंसविण्यासाठीं नव्हे, हंसून घेण्यासाठीं होती. जो बोलतो त्याच्या बोलण्यांत गंमत नव्हती, त्याच्या असें बोलण्याची गंमत होती. हा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि माझ्या सांगण्याचा सगळा भर त्यावर आहे.

१९८० सालीं गंगाराम गवाणकर यांचें ‘वस्त्रहरण’ रंगभूमीवर आलें आणि हें पारडें फिरलें. गवाणकर हे राजापूर तालुक्यांतील माडबनचे. नाटकांत एका गांवांतली मंडळी द्रौपदीवस्त्रहरणाचा पौराणिक खेळ बसवूं पाहतात, आणि महाभारतांतले वीर मालवणींत भांडूं लागतात. सगळी रंगभूमीच मालवणी झाली. शुद्ध बोलणारा मनुष्यच तेथें पाहुणा ठरला. हा प्रकार अगदीं अपूर्व होता असें नाहीं. दशावतारांत संवाद लिहिलेले नसतात. आख्यान पुराणांतलें घ्यावयाचें आणि बोलणें तेथल्या तेथें रचावयाचें, ही तिथली शतकांची रीत आहे. पूर्वरंगांत वेद चोरणारा संकासूर प्रेक्षकांना पोट धरून हंसवीत आला आहे. गवाणकरांनीं जत्रेंतल्या मांडवांतलें हें हंसणें शहरांतल्या नाट्यगृहांत आणलें. आरंभीं नाटकास प्रेक्षक बेताचेच लाभले. पु. ल. देशपांडे यांनीं तें पाहून मनापासून पत्र लिहिलें, आणि त्यानंतर या नाटकानें मागें वळून पाहिलें नाहीं. मच्छिंद्र कांबळी यांनीं तात्या सरपंच रंगविला. २००७ सालीं ते निवर्तले, परंतु या नाटकाच्या प्रयोगांची संख्या पांच हजारांवर गेली.

या नाटकाच्या कॅसेटी निघाल्या, आणि त्यांचा प्रवास मला नाटकाच्या दौऱ्याहून अधिक उद्बोधक वाटतो. गणपतीला गांवीं निघालेला चाकरमानी त्या बरोबर घेऊन जाई. जी बोली मुंबईंतल्या कचेरींत तो गिळून टाकीत असे, तीच बोली आतां यंत्रांतून, मोठ्यानें, सर्वांसमक्ष, मानानें बोलत होती. मालकिणीसमोर ‘माका’ म्हणण्याची ज्याच्या बापाला लाज वाटली, त्याच्या मुलानें तेंच वाक्य पाठ करून वर्गांत म्हणून दाखविलें आणि वाहवा मिळविली. हास्य तेंच, पण हंसणारा कोण आणि हंसविणारा कोण, तें बदललें.

असाच बदल दुसऱ्या एका दक्षिणेंतहि झालेला दिसतो. अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतलें सावकाश, लांबट उच्चारांचें इंग्रजी हा उत्तरेकडच्या शहरांत पिढ्यान्‌पिढ्या थट्टेचा विषय होता. १९५३ सालीं उत्तर कॅरोलिनाच्या अँडी ग्रिफिथ या नटाचें एक स्वगत तबकडीवर निघालें. एक खेडवळ धर्मोपदेशक आयुष्यांत प्रथमच फुटबॉलचा सामना पाहतो आणि हा काय विधि चालला आहे तें आपल्या भाषेंत वर्णन करतो, एवढाच त्याचा विषय. ती तबकडी लाखांनीं खपली. पुढें १९७० च्या सुमारास मिसिसिपी संस्थानांतला जेरी क्लोअर हा खतें विकणारा गृहस्थ शेतकऱ्यांच्या मेळाव्यांत ज्या गोष्टी सांगत असे, त्यांच्या तबकड्या निघाल्या आणि तो देशभर गाजला. १९९८ सालीं तो वारला, पण त्याचीं ध्वनिमुद्रणें आजहि ऐकलीं जातात. तेथें गोष्टींत शहाणा कोण आहे? सामना समजणारे प्रेक्षक नव्हेत. न समजणारा, पण निरखून पाहणारा खेडूत. अंतू बर्वा आणि तात्या सरपंच यांच्याशीं त्याचें नातें जुळतें तें याच जागीं.

येथें एक तुलना करावीशी वाटते. जॉर्ज ग्रियर्सन यांनीं आपल्या देशांतील भाषांची जी प्रचंड पाहणी केली, तिचा सातवा खंड मराठीला वाहिलेला असून तो १९०५ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कोंकणच्या इतर बोलींबरोबर आगरी आणि कोळी या बोलींचेहि नमुने आहेत. म्हणजे सारसोळ्यासारख्या गांवांतल्या लोकांची बोली शंभर वर्षांपूर्वींच विद्वानांच्या दप्तरीं दाखल झाली. याच पाहणीचा भाग म्हणून १९१३ ते १९२९ या काळांत देशांतील अनेक भाषा-बोलींच्या ग्रामोफोन तबकड्याहि तयार करण्यांत आल्या. या उद्योगाचें मोल फार थोर आहे. परंतु तुलना सोपी व्हावी म्हणून जागोजागीं एकच गोष्ट वदवून घेण्यांत आली. बायबलांतला उधळ्या पुत्राचा दृष्टांत. दृष्टांत उदात्त खरा, पण तो सांगणाऱ्याचा नव्हता. त्याच्या खाडीचा, जाळ्याचा, शेजाऱ्याशीं झालेल्या बांधाच्या तंट्याचा त्यांत मागमूस नाहीं. त्या तबकड्यांत बोलीचे उच्चार राहिले, बोलीचा स्वभाव राहिला नाहीं. तो रहावयाचा तर माणसानें आपली गोष्ट आपल्या लोकांना सांगितली पाहिजे, आणि लोक हंसले पाहिजेत. तें काम विद्वानांच्या पाहणीनें केलें नाहीं. तें विनोदाच्या कॅसेटनें, तशी प्रतिज्ञा न करतां, करून टाकलें.

त्या ध्वनिमुद्रणांत आणखी एक गोष्ट सांठली आहे, ती म्हणजे ऐकणाऱ्यांचें हंसणें. पु. लं. चीं किंवा मिरासदारांचीं जीं मुद्रणें प्रत्यक्ष कार्यक्रमांत झालीं, त्यांत सभागृहांतली हंसण्याची लाट ऐकूं येते. ती येण्यापूर्वींचा तो क्षणभराचा थांबा, मग एका कोपऱ्यांतून फुटलेलें पहिलें हंसू, मग सगळें घर. एकट्या खोलींत बसून ऐकणारा मनुष्य त्या लाटेंत सामील होतो, आणि कांहीं वेळ एकटा रहात नाहीं. नव्या वस्तींत येऊन पडलेल्या कुटुंबाला, जेथें शेजाऱ्याचें नांव दारावरच्या पाटीवरूनच कळतें तेथें, ही संगत लहान नव्हे.

यावर कोणी आक्षेप घेईल, कीं हें सारें स्मरणरंजन आहे. ज्यांनीं चाळ पाहिली, एस्टीचा खोळंबा सोसला, तेच हंसतात. पण चाळ न पाहिलेलीं, इमारतीच्या सातव्या मजल्यावर वाढलेलीं मुलेंहि त्याच जागीं हंसतांना आढळतात. तेव्हां स्मरण हें पुरेसें कारण नव्हे. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. या जुन्या विनोदांतील कांहीं भाग आज कानाला खुपतो. बायकांच्या बडबडीवरच्या कोट्या, कोणाच्या शरीराची वा जातीच्या संवयीची थट्टा, यांवर पूर्वीं सभागृहें सहज हंसलीं. आज ऐकणारा चुळबुळतो. हें मान्य केलें पाहिजे. पण काय खुपतें आणि काय टिकतें, याचें नीट निरीक्षण केलें तर माझ्या म्हणण्याला पुष्टीच मिळते. जेथें बोलणाऱ्याला बाहेरून न्याहाळून त्याची नक्कल केली आहे, तो विनोद लवकर पिकून गळतो. जेथें विनोदकार त्या माणसाच्या जिभेवर जाऊन बसला आहे, तो अजून ताजा आहे. आपल्या संतांना हें रहस्य ठाऊक होतें. एकनाथांनीं भारुडांत नाना जातींचीं आणि धंद्यांचीं सोंगें घेतलीं. पण त्या सोंगांच्या तोंडून शहाणपण वदविलें, म्हणून चारशें वर्षें लोटलीं तरी तीं रंगतात.

आतां पुन्हा सारसोळ्याकडे येऊं. कारण हा इतिहास येथें प्रश्न होऊन उभा राहतो. या किनाऱ्यावरच्या आगरी-कोळी बोलींत ‘घोडा’चा ‘घोरा’ होतो, ‘पाणी’चें ‘पानी’ होतें, ‘काळा’चा ‘काला’ होतो. तिच्यांत खाडीचें सगळें जग आहे; निवटी आणि चिंबोरी, जिताडा आणि कोलंबी, डोल जाळें आणि भरती-ओहोटीचें घड्याळ, खाजणाचे बांध आणि मिठाचे वाफे. लग्नांत धवलारीण जे धवले गाते, तेहि याच बोलींत. या लोकांनीं सोसलेंहि पुष्कळ आहे. जमिनींच्या मोबदल्यासाठीं १९८४ च्या जानेवारींत उरण तालुक्यांतील जासईच्या परिसरांत जें आंदोलन झालें, त्यांत गोळीबार होऊन पांच जणांनीं प्राण गमावले. आणि त्या लढ्याच्या पोटींच पुढें साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. जमिनीचा हिशेब असा टक्क्यांनीं कां होईना, मांडला गेला. बोलीचा हिशेब कोणी मांडावयाचा?

कोळीगीतांच्या तबकड्या आणि कॅसेटी विपुल निघाल्या, आणि साऱ्या महाराष्ट्रानें त्यांवर ताल धरला. पण गाणें आणि बोलणें यांत अंतर आहे. गाण्यांतली कोळीण साऱ्या देशाला आवडली. चित्रपटांत आणि नाटकांत बोलणारी कोळीण मात्र पुष्कळ काळ तोंडाळ विक्रेतीच राहिली, जसा मालवणी मनुष्य रामाच राहिला होता. आगरी बोलीला आपला तात्या सरपंच फार उशिरां भेटूं लागला. गेल्या कांहीं वर्षांत भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आगरी तरुण आपल्याच बोलींत, आपल्याच घरांतल्या गंमती सांगतात, आणि लाखों लोक तें पाहतात. लग्नघरांतला रुसवा, हळदीचा थाट, आईचा पट्टा हे त्यांचे विषय. वडीलधाऱ्यांना हें थिल्लर वाटतें. परंतु बोलणारा स्वतःची गोष्ट स्वतः सांगत आहे, आणि त्याचेंच लोक प्रथम हंसत आहेत; या दोन खुणा पटल्या, तर त्यास हंसण्यावारी नेऊं नये.

भीति आहे ती वेगळीच. हा नवा विनोद पुन्हा तीन मिनिटांच्या मापांत जाऊन बसला आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीनें जें केलें, तेंच आज घाईनें सरकणारा पडदा करीत आहे; विलंबाला जागा उरलेली नाहीं. आणि जुन्या कॅसेटींचें म्हणाल, तर खाडीकांठच्या दमट हवेंत त्यांना बुरशी धरते, फितीवरचा चुंबकीय थर झडतो, आणि वाजविण्याचें यंत्रहि आतां घरांत राहिलेलें नसतें. मोठ्या नांवांच्या कॅसेटींच्या नव्या प्रती निघाल्या, त्या टिकतील. पण कोणी हौशी माणसानें घरच्या कार्यांत आजोबांना बोलतें करून भरून घेतलेली फीत माळ्यावर पडून आहे, तिची दुसरी प्रत नाहीं.

म्हणून माझी एवढीच सूचना आहे. ज्यांच्या घरीं अशी फीत असेल त्यांनीं ती वेळींच नव्या साधनावर उतरवून घ्यावी. आणि ज्यांच्या घरीं अजून बोलतीं वृद्ध माणसें आहेत, मग तीं सारसोळ्याचीं असोत, माडबनचीं असोत कीं बेळगांवचीं, त्यांनीं त्या माणसांना गाणें म्हणावयास सांगूं नये, जुना काळ कसा होता असेंहि विचारूं नये. शेजाऱ्याची एखादी फजिती सांगा, असें म्हणावें. मग यंत्र चालू करून गप्प बसावें आणि अर्धा तास घाई करूं नये. आडवळणें येतील, चुलत्याची ओळख होईल, मूळ गोष्ट हरवेल. ती सांपडेपर्यंत खोलींतलीं माणसें जीं हंसतील, त्यांचें हंसणेंहि त्याच फितींत राहूं द्यावें.